दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश विनोद एवढा कसा बदलला? 'माँटी पायथन' या गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमापासून बघायला सुरुवात करू का?

पायथनपासून अजिबात नको.

आमचे साडूभाऊ वीस वर्षं इंग्लंडात आहेत. एका दिवाळीत त्यांच्या घरी चकल्या खाता खाता त्यांनी मला ऐकवलं, "ब्रिटिश विनोद तुम्हा नगरवाल्यांना झेपायचा नाही. पायथन बघितलंय का कधी? तिथून सुरू होतो तो." मी म्हटलं, पायथनवाल्यांचा गुरू नगरचाच. सगळे फिस्सकन हसले. मेव्हणीने "भाऊजी, काहीही!" म्हणत चिवड्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. विषय संपला. त्यांचा संपला, माझा नाही.

हा गुरू म्हणजे विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगन. तो १९१८ साली अहमदनगरला जन्मला (आता अहिल्यानगर म्हणा). बाप फौजेत, त्यामुळे बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. महायुद्धात तोफखान्यात साधा शिपाई, इटलीत जखमी झाला. तुमच्या 'कसा बदलला'चं उत्तर मला तरी इथेच दिसतं. साहेबांचे बिनडोक हुकूम पाच-सहा वर्षं झेललेली पोरं परत आली आणि त्यांच्या हाती बीबीसीचा माइक लागला. मिलिगनचा विनोदी कार्यक्रम 'द गून शो' १९५१ ते १९६० रेडिओवर चालला. त्यातला मेजर ब्लडनॉक बघा, भेकड आणि भामटा. आणि आवाज! मोज्यात कस्टर्ड भरून हाणल्यावर कसा आवाज होईल, हे बघायला मिलिगनने कँटीनमधून खरंच कस्टर्ड आणवलं आणि स्वतःचे मोजे भरले, असा किस्सा सांगतात. आवाज मनासारखा आला नाही तो नाहीच.

विनोदी नट टोनी हॅनकॉक, १९६० चा रंगमंचावरचा 'बियाँड द फ्रिंज', टीव्ही मालिका 'स्टेप्टो अँड सन' हेही बघा-ऐका, ती वेगळी वाट आहे. सगळंच मिलिगनने केलं असं नाही. नगरशी त्याचा संबंध जन्मापुरता, हेही कबूल. आणि १९६९ च्या 'करी अँड चिप्स' या टीव्ही मालिकेत तोंडाला रंग फासून तो पाकिस्तानी झाला होता. ते आज बघवत नाही.

पण विनोदाला शेवटचा ठोसा हवाच कशाला, प्रसंग मध्येच सोडून दिला तर काय बिघडतं, हे टीव्हीवर त्याच्या 'क्यू फाइव्ह'ने मार्च १९६९ मध्ये करून दाखवलं. पायथन आलं त्याच वर्षी ऑक्टोबरात, दिग्दर्शकही तोच, इयन मॅकनॉटन. या तारखा साडूभाऊंना मी व्हॉट्सॲपवर दोनदा पाठवल्यात. ब्लू टिक आली, उत्तर नाही.