‘भापूश्र’ लिहिलं तर राग का येतो?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निधनाच्या बातमीखाली तुम्ही ‘भापूश्र’ टाकलं आणि काका रागावले. चुकलं काय, असं विचारताय.

चुकलंच, भाऊ. तसे संक्षेप आपल्याला नवे नाहीत. पत्रात ‘सा.न.वि.वि.’ आणि ‘ता.क.’ असायचं, लग्नपत्रिकेत ‘चि.’ आणि ‘सौ.कां.’ आजही छापतात. पण ती ठरलेली रीत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्दही लिहायला वेळ नाही, असं घरच्यांना वाटतं. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, शेजाऱ्याची माय गेली तेव्हा ‘भापूश्र’ची रांगच लागली. तो मात्र एकच मेसेज पुन्हा पुन्हा उघडायचा: ‘मावशी दर पोळ्याले आमच्या बैलाईले पुरणपोळी चारे.’

कामाच्या बोलण्यात ‘क्विं.’, ‘ता.’, ‘जि.’ खुशाल लिहा. फवारणीचं प्रमाण मात्र कधीच तोडू नका. ‘पंपाला ३०’ म्हणजे मिली की ग्रॅम? पंप १५ लिटरचा की २० चा? २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली आहेत. औषधाचं पूर्ण नाव, प्रमाण, पाणी, सगळं लिहा, सोबत डब्यावरच्या लेबलचा फोटो टाका.

आणि ज्यांच्याकडचं माणूस गेलं, त्या घरी एकदा जाऊन बसा.