कॉल ट्रान्सफर करताना कट होतो, काय करू?

प्रश्न : ताई, मी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात महिन्यापूर्वी रिसेप्शनला लागले, टेलिफोन बोर्डपण माझ्याकडेच आहे. आधीची मुलगी जाताना दहा मिनिटं दाखवून गेली तेवढंच. बाहेरचा कॉल रूमला जोडताना निम्म्या वेळा कट होतो आणि लोक मलाच बोलतात. परवा एका गेस्टचा वेकअप कॉल लागलाच नाही, त्यांची हुतात्मा एक्सप्रेस चुकली, मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडले. मला जमणारच नाही का हे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अगं जमणार, रडू नकोस. मी बोर्डवर बरीच वर्षं काढलीत, दहा मिनिटांत कोणालाच येत नाही हे.

ट्रान्सफर दाबलं की बाहेरचा माणूस होल्डवर जातो, त्याला म्युझिक ऐकू येतं, मग तू रूमचा नंबर दाबतेस आणि रिंग गेली की रिसिव्हर ठेवून मोकळी होतेस, बरोबर ना? थांबत जा. गेस्टने उचललं की आधी विचार, "सर, पुण्याहून तुमच्या भावाचा फोन आहे, देऊ का?" हो म्हणाले की मगच सोड. नाही उचललं तर बाहेरची लाइन परत घेऊन निरोप लिहून घे. आणि साध्या फोनवरून जोडत असशील तर फ्लॅशचं बटण वापर, क्रेडल (रिसिव्हर ठेवतो तिथला खटका) बोटाने जरा जास्त वेळ दाबलं गेलं की मशीनला वाटतं फोन ठेवला, कॉल गेलाच. तुझं कट होणं बहुतेक तिथेच आहे.

वेकअपमधे वेळ 24 तासांच्या घड्याळाने टाकायची, पहाटे पाच म्हणजे 0500, संध्याकाळी पाच म्हणजे 1700. लाइट जाऊन आली की काही मशीनचं घड्याळ चुकतं, म्हणून ड्युटीवर बसल्या बसल्या ते मोबाइलशी जुळवून बघ. तरी सगळं मशीनवर सोडू नकोस, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत हॉटेल फुल्ल असतं, तुळजापूर-अक्कलकोटला निघणारे सगळे पहाटेचेच सांगतात, तेव्हा रूम आणि वेळ रजिस्टरला लिही, पाच मिनिटांनी स्वतः फोन कर, उचलला नाही तर रूमबॉयला दार वाजवायला पाठव.

आता तू विचारलं नाहीस ते सांगते, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रूम नंबर फोनवर कोणालाही सांगायचा नाही. नवीन असताना मला एकाने "मी तिचा भाऊ बोलतोय, कितव्या रूममधे उतरलीय?" म्हणून विचारलं, इतक्या आपुलकीने विचारलं की मी सांगून टाकलं. पंधरा मिनिटांत तो माणूस वर जाऊन दार बडवत होता, भाऊ नव्हताच तो, ती बाई घर सोडून आलेली. वॉचमन वेळेवर पोचला म्हणून निभावलं, पण दार उघडल्यावरचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून माझं ठरलेलं उत्तर, "नाव सांगा, बघून सांगते," आणि मग गेस्टला विचारूनच जोडायचं. गेस्ट नको म्हणाली तर "फोन जोडता येत नाही, निरोप सांगा, या नावाचं कोणी असेल तर देते," बस्स. उतरलेत की नाही हेसुद्धा बोलायचं नाही. चेक-इनला रूम नंबर मोठ्याने म्हणायचा नाही, चिठ्ठीवर लिहून दे.

आणि उद्याच टेक्निशियनला विचार की रूममधून 112 (पोलीस, आणीबाणी) आणि 108 (अँब्युलन्स) थेट लागतात का आधी शून्य दाबावा लागतो, आणि जे असेल ते प्रत्येक रूमच्या फोनवर मराठी, हिंदी, कन्नडमधे चिकटवून टाक.