आधी पॉलिश मशीन बाजूला ठेव

भाऊ, १९५४ ची शेव्हरोले ३१०० पिकअप मूळ हिरव्या रंगात मिळाली म्हणजे नशीबच! त्या काळच्या इनॅमलवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसायचा. पुसताना फडक्याला हिरवं लागतं तो थेट रंगच, आणि कडांवर तो आधीच पातळ झालेला असतो. म्हणून मशीनऐवजी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन घे, वाळव, मग वॅक्स लाव. जवसाचं तेल चमकतं खरं, पण धूळ धरतं. मला नाही पटत.

कंपनीच्या रंग-कोडवरून मिसळलेला रंग नवाकोरा दिसेल. टचअपचा (खरचटलेल्या जागी लावायचा) रंग जुळवायचा तो उन्हाने विटलेल्या, धुतलेल्या पत्र्याशी, तोही दिवसाउजेडी. मी एकदा ट्यूबलाइटखाली जुळवला. बाहेर आणलं तर दार पोपटी!

आणि कोरडा पॉलिश पेपर मारू नकोस, जुन्या रंगात शिसं असू शकतं.