हार्टकी, अँपेग, फेंडर की मार्कबास: लातूरच्या ऑर्केस्ट्रासाठी बेसचा कोणता अँप घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरचा पाच-सहा जणांचा ऑर्केस्ट्रा, लग्नसराई, भीमजयंती, गणपती, नवरात्र असे कार्यक्रम, हातात साठ-सत्तर हजार, आणि मन चार नावांत अडकलेलं. शिवाय हेड (नुसता अँप) आणि कॅबिनेट (स्पीकरचा खोका) वेगवेगळं घ्यावं की कॉम्बो, म्हणजे दोन्ही एकाच खोक्यात, आणि पंधरा इंची स्पीकरशिवाय बेस येतच नाही असं मित्र म्हणतो ते कितपत खरं.

सरळ सांगतो, भाऊ. कॉम्बो घ्या. मागं एक्सएलआर डीआय आउट (थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडायची तीन पिनांची जागा) असलेला, एका माणसाला उचलता येईल असा. फेंडर रंबल १०० किंवा हार्टकी एचडी १५० यांतला जो बिलासकट आणि चांगल्या भावात मिळेल तो घ्या. कुणाकडं नीट वापरलेला रंबल ५०० विकायला असेल तर आधी तो बघायला जा. अँपेग आणि मार्कबास मलाही आवडतात, पण तेवढ्या पैशात त्यांचं जे मिळेल ते तुमच्या कामाला अपुरं पडेल, आणि जे पुरेल ते बजेटच्या बाहेर जाईल.

आता कारणं. आपल्याकडच्या स्टेजवर लोकांना बेस ऐकू येतो तो तुमच्या अँपमधून नाही, साउंडवाल्याच्या टॉपमधून (वरचे मोठे स्पीकर) आणि सबमधून (खालच्या सुरांचे खोके). मांडवात किंवा चौकात हजारभर माणूस बसलेला, शेजारी डीजेच्या बेसचे खोके रचलेले. तिथं तुमचा कॉम्बो १०० वॅटचा असो की ५०० चा, शेवटच्या रांगेला फरक पडत नाही. तो अँप तुमच्यासाठी आणि ऑक्टोपॅडवाल्यासाठी आहे, सूर आणि ताल धरायला. म्हणून मी कुठल्याही अँपची पाठ आधी बघतो, तोंड नंतर. एक्सएलआर आउट आहे का? त्याच्याजवळ ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे मिक्सरकडं जाणाऱ्या केबलचं ग्राउंड तोडून गुणगुण घालवणारं, बटण आहे का? काही अँपवर प्री-पोस्टचंही बटण असतं: मिक्सरला जाणारा आवाज अँपच्या नॉबांच्या आधी (प्री) घ्यायचा की नंतर (पोस्ट). ते असेल तर प्रीवर ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर बेसचा नॉब पिळलात तरी बाहेर जाणारा आवाज हलत नाही आणि मिक्सरवाला तुमच्यावर डाफरत नाही. डीआय नसलेला अँप असेल तर साउंडवाला समोर एक माइक ठेवतो, आणि त्या माइकमध्ये बेसपेक्षा ढोलकीच जास्त शिरते.

दुसरी गोष्ट वॅटची. दुकानदार वॅट विकतात, आपणही वॅटच विचारतो. पण वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट कॅबिनेटची संवेदनशीलता ३ डेसिबलनं जास्त असेल तर तेच काम फुकटात होतं. कॅबिनेटच्या कागदावर १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल ते लिहिलेलं असतं. ९४ आणि ९७ यांतला फरक छोटा दिसतो, पण तो २०० वॅट आणि ४०० वॅट यांच्यातला फरक आहे. एवढ्यासाठीच मी म्हणतो की नावाचा विचार करायचाच असेल तर कॅबिनेटच्या नावाचा करा. हेडचा रंग इक्वलायझरनं बराचसा बदलता येतो, स्पीकर आणि खोका बदलता येत नाही.

पंधरा इंचीबद्दल. तुमच्या मित्राला वाईट वाटू देऊ नका, हे सगळीकडंच म्हणतात. पण साधं क्षेत्रफळ काढा. पंधरा इंची एका वर्तुळाचं १७७ चौरस इंच येतं, दहा इंची दोन वर्तुळांचं १५७. जवळजवळ सारखंच. खाली किती उतरायचं ते खोक्याचं घनफळ, त्याची भोकं आणि स्पीकरची बांधणी ठरवते, इंच नाही. अँपेगचं ते प्रसिद्ध फ्रिजएवढं कॅबिनेट, दहा इंची आठ स्पीकरचं, बंद खोक्याचं. १९६९ साली अँपेगचा ३०० वॅटचा एसव्हीटी अँप आला तेव्हापासून रॉकच्या मोठ्या स्टेजचा बेस म्हटला की तेच डोळ्यांसमोर येतं. त्याच्या कंपनीच्याच कागदावर ५८ हर्ट्झपाशी आवाज ३ डेसिबलनं पडलेला दाखवतात. आणि तुमच्या जाड ई तारेचा मूळ सूर आहे ४१ हर्ट्झ. तरी ते कॅबिनेट ऐकून कुणी 'बेस कमी आहे' म्हणत नाही, कारण कान ८२ च्या आणि १२३ च्या उपस्वरांवरून मूळ सूर ओळखून घेतो. (वजन ६० किलोच्या वर. ते छोट्या हत्तीत चढवायला गायकालाही हात लावावा लागेल, आणि गायक कधी हात लावत नाहीत.)

आपल्या ऑर्केस्ट्रात खरी अडचण वेगळीच असते. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवत असतो, वर्षानुवर्षांची सवय. ऑक्टोपॅडवर किक आहे, ढोलकीची धुम्मी आहे, आणि साउंडवाल्यानं सब फुगवून ठेवलेला. ५० ते १०० हर्ट्झच्या त्या पट्ट्यात चार जण दाटीवाटीनं बसलेत. तिथं तुम्ही अजून बेसचा नॉब फिरवलात तर नुसता गोंगाट होणार. २५० पासून ८०० हर्ट्झपर्यंतचे मधले स्वर थोडे वर करा, बेस किंचित खाली घ्या; एकटं वाजवताना तो आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल, पण गाणं सुरू झालं की प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल. आणि कीबोर्डवाल्याशी बोलून घ्या, हे कुठलाही अँप तुमच्यासाठी करणार नाही.

हा मधला पट्टाच ब्रँडांना एकमेकांपासून वेगळा करतो, म्हणून आता चार शब्द त्यावर. हे माझ्या कानाचं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. हार्टकीची ओळख अॅल्युमिनियमच्या कोनवर (स्पीकरचा हलणारा पडदा) उभी आहे. आवाज चकचकीत, बोटाचा ठोका लगेच समोर येतो. अंगठ्यानं स्लॅप वाजवणाऱ्याला छान, पण तार घासल्याचा आवाजही तितकाच स्वच्छ येतो. एचडी मालिकेत कोन अर्धा कागदाचा आणि अर्धा अॅल्युमिनियमचा असतो, तो थोडा मवाळ. अँपेग म्हणजे गुरगुर: मधले स्वर जाड, पिकनं जोरात वाजवलं की कडा किंचित फाटते, आणि ती फाटलेलीच गोड लागते. २०१८ पासून ही कंपनी यामाहाकडं आहे. मार्कबास इटलीची, पिवळे कोन आणि वजनाला हलकी. आवाज सुटसुटीत, जे बोटात आहे तेच बाहेर, फार मसाला नाही. जुन्या हिंदी गाण्यांच्या चालत्या बेसला मला तीच सगळ्यात जवळची वाटते, पैसे असते तर तीच सुचवली असती. फेंडरचा रंबल मऊ आणि उबदार, कुणाला राग येणार नाही असा. तुम्ही विचारलं नाहीत पण गॅलियन-क्रूगरही आहे, कॅलिफोर्नियाची. तिचा चावा मला अँपेगपेक्षाही आवडतो. वापरलेली दिसली तर दुर्लक्ष करू नका.

आणि नावाला किती भुलायचं ते फेंडरच्याच बेसमनवरून बघा. १९५२ साली बेससाठी म्हणून बनवला, डोक्यावर घेतला गिटारवाल्यांनी, आणि पुढं मार्शलचा पहिला अँप त्याच्याच सर्किटवर बेतला गेला.

हेड आणि कॅबिनेट वेगळं घ्यायचं ठरवलंतच तर ओहमचं (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं) गणित पक्कं करा. बहुतेक ५०० वॅटची हेड ४ ओहमवर ५०० देतात, ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर तीनशे-साडेतीनशेच. ८ ओहमची दोन कॅबिनेट जोडली की ४ ओहम होतात, तेव्हा पूर्ण ताकद निघते. पण ४-४ ची दोन जोडलीत तर २ ओहम, आणि हेडच्या मागं 'किमान ४ ओहम' लिहिलेलं असेल तर ते बंद पडेल किंवा जळेल. म्हणून पहिलं कॅबिनेट ८ ओहमचंच घ्या, पुढं दुसरं जोडता येईल. रंबल ५०० ची सोय अशीच आहे: एकटा ३५० वॅट, बाहेर ८ ओहमचं कॅबिनेट जोडलं की ५००. हेड आणि कॅबिनेटच्या मधे गिटारची केबल कधीच नाही. ती बारीक असते, तापते. स्पीकरची केबल वेगळी. नाहीच मिळाली तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची दोन कोअरची वायर आणून प्लग सोल्डर करून घ्या, चालते.

आता लातूर, बीड, परभणीकडचा खास विषय: लाइट. पुण्या-मुंबईच्या माणसानं लिहिलेल्या सल्ल्यात हे सापडत नाही. आपले निम्मे कार्यक्रम जनरेटरवर होतात, आणि बाकीचे आकडा टाकून घेतलेल्या लाइनवर, हे आपल्यातच राहू द्या. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४१५ पर्यंत व्होल्टेज चढू शकतं, आणि पहिल्यांदा जातो तो तुमचा अँप. दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर बॅगेत ठेवा. पिन लावायच्या आधी बोर्डावर मोजा, मग स्टेजचे सगळे हॅलोजन लावायला सांगून परत मोजा. आकडा २०० आणि २४५ च्या मधे डुलत असेल तर लावा. झपकन खालीवर होत असेल तर नुसत्या डीआय बॉक्समधून (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) वाजवा, अँप गाडीतच राहू द्या. लाइटच्या डिमरबरोबर एकाच बोर्डावर अँप लावू नका, गुणगुण सुरू होते. आणि गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन काढणारा कुणी भेटला तर त्याला हात लावू देऊ नका, कितीही अनुभवी असला तरी. तारांवर तुमचा हात आणि माइकला ओठ लागले की शॉक बसतो, असे अपघात जिवावर बेतलेले आहेत. ग्राउंड लिफ्टचं बटण त्याच गुणगुणीसाठी असतं, ते दाबा.

कुणाचा भाऊ अमेरिकेतून स्वस्तात हेड आणतोय म्हणाला तर मागची पट्टी आधी फोटोतून बघा. '१००-२४०' लिहिलं असेल तर ठीक. नुसतं '१२०' असेल तर त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो स्वतःच एक धोंडा, आणि एखाद्या कार्यक्रमात कुणीतरी तो न लावताच पिन खोचणार.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवतो. १४ एप्रिलला आपल्याकडं दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि मिरवणुकीच्या ट्रॉलीवर किंवा उघड्या स्टेजवर अँप चार वाजल्यापासून तापत पडलेला असतो. क्लास डीची (नव्या पद्धतीच्या, कमी वजनाच्या सर्किटची) हेड तापली की स्वतःला बंद करतात, थंड झाली की परत लागतात. बिघाड समजून उघडू नका. पंख्याच्या जाळीत काळी माती भरते, महिन्यातून एकदा ब्रशनं झाडा. अँप पडद्याला चिकटवून ठेवू नका, मागं वीतभर तरी जागा सोडा.

अहुजाच्या (लाउडस्पीकरवाल्यांच्या) अँपवर बेस वाजवला तर चालेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सरावाला चालेल, पण मधे प्रीअँप पेडल (बेसचा आवाज घडवणारी पायाजवळची डबी) घ्या, आणि बेसचं कॅबिनेट त्याच्या १०० व्होल्टच्या टर्मिनलला चुकूनही जोडू नका. ती लाइन भोंग्यांच्या ट्रान्सफॉर्मरसाठी असते. साध्या ४ किंवा ८ ओहमच्या टर्मिनललाच जोडा. खरं तर बजेट आणखी कमी झालं तर प्रीअँप पेडल आणि एक बारा किंवा पंधरा इंची ॲक्टिव्ह स्पीकर (आतच अँप असलेला) हा जोडही वाईट नाही. बरेच जण आता त्यावरच वाजवतात, आणि गरज पडली तर त्यातून गायकाचा मॉनिटरही होतो.

वापरलेला घेणार असाल तर दिवसा उजेडी जा आणि स्वतःची गिटार न्या. जाळी काढायला सांगा. गोदामात ठेवलेल्या कॅबिनेटचे कोन उंदीर कुरतडतात, ते जाळीमागं दिसत नाही. तळवा सपाट ठेवून कोन हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. खुली ई तार आधी हळू, मग आवाज वाढवत वाजवा आणि खोक्याचा कुठला जोड फरफरतोय ते ऐका. सगळे नॉब फिरवून बघा. कचकच झाली तर फार नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. कॅबिनेट वेगळं असेल तर केबल काढून मल्टिमीटरनं ओहम मोजा: ८ ओहमचं कॅबिनेट साडेपाच ते सातच्या मधे दाखवतं, ४ चं तीन-साडेतीन. दोन स्पीकरच्या ८ ओहमच्या कॅबिनेटवर अकरा-बारा किंवा तीन असा काही आकडा आला तर आतला एक स्पीकर गेलेला किंवा कुणीतरी भलताच बसवलेला आहे. त्या स्पीकरचा खर्च वजा करून भाव बोला, नाहीतर सोडून द्या.