राजा ढाले यांचं लेखन पन्नास वर्षांनी वाचण्यासारखं आहे का, की ते त्या काळापुरतंच होतं? सुरुवात कशानं करावी?

वाचा की. आणि 'आता त्याचं काय' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला आधी विचारा, झेंड्याबद्दलचं ते एक वाक्य सोडून तुम्ही ढाल्यांचं काय वाचलंय? सांगलीत मी हे बऱ्याच जणांना विचारलंय. विषय बदलतात. दलित पँथर या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, माणूस आमच्याच नांद्र्याचा, सांगलीहून रेल्वेनं पुण्याकडं निघालात की स्टेशन लागतं. विष्णुदास भाव्यांचं नाव आम्ही उठताबसता घेतो, ढाल्यांचं काढलं की लोक घसा खाकरतात.

राष्ट्रध्वजाचा अपमान म्हणून गाजलेलं ते वाक्य 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधना' साप्ताहिकातलं. स्वातंत्र्याची पंचविशी होती, डॉ. अनिल अवचटांनी अंकाचं काम बघितलं होतं आणि त्यात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापून आला. केवढा गदारोळ! दुर्गाबाई भागवतांसारख्या बाईंनीसुद्धा झोडपलं. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायकांची जी विटंबना झाली होती, तिच्यावर तो राग होता, हे मात्र लोक सोयीनं विसरले.

आमचे दाजी 'साधना'चे जुने वर्गणीदार, राष्ट्र सेवा दलातले. वर्षावर्षाच्या फायली बांधून ठेवलेल्या. मी कोर्टात नोकरीला, फौजदारी बाजूला लिपिक म्हणून लागलो आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झालो. दर दिवाळीत फराळाच्या ताटावर हा विषय निघायचाच. ''झेंड्याला शिवी देणाऱ्याची वकिली करू नका, पाव्हणं,'' हे दाजींचं ठरलेलं. मग बहीण चहा आणून मध्ये ठेवायची.

16 जुलै 2019 ला ढाले गेले. तीन-चार आठवड्यांत कृष्णेला पूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर. दाजींचं घर गावभागात. पाणी ओसरल्यावर गेलो तर खालच्या फळीवरच्या फायली चिखलाचा गोळा झालेल्या, त्या टाकूनच दिल्या. 1972 ची वरच्या फळीवर होती, खालच्या कडेनं तेवढी भिजलेली. पिना गंजून प्रत्येक अंकाच्या मध्यावर तांबडे डाग. मी पानापानात कोरा कागद घालत, पंख्याखाली धरत बसलो. तो अंक हाताला लागला तसं दाजी म्हणाले, ''आता काढलाच आहे तर वाचा मोठ्यानं.''

वाचला. त्या वाक्यापाशी आलो आणि त्यांनी हात वर केला. ''बास. पुढं ऐकायची गरज नाही.''

माझं भांडण इथंच आहे. त्या वाक्याला लागूनच हिशेब मांडलाय. दलित बाईची अब्रू घेतली तर दंड 50 रुपये आणि राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर 300, मग या देशात कशाची किंमत जास्त? दाजी म्हणतात, ही नुसती भडक तुलना. अहो, मी त्या दंडाच्या पावत्या फाडल्यात! तेव्हा विनयभंगाच्या कलम 354 ला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा नाहीच. म्हणजे सगळं मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर. सायकलला दिवा नाही म्हणून भरलेला दंड आणि बाईच्या अंगावर हात टाकला म्हणून भरलेला दंड, दोन्ही एकाच रजिस्टरला खालीवर चढायचे. मला तो लेख साहित्य म्हणून कळला नाही, आमच्या दप्तरातली नोंद म्हणून कळला.

आणि तो त्या काळापुरता होता का, तर पुढचं बघा. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अशा विटंबनेला सहा महिने ते पाच वर्षं आली, म्हणजे 'किमान' हा शब्द आला. सगळ्याच बायकांसाठी, बाईला विवस्त्र करण्याबद्दलचं कलम 354 ब यायला 2013 उजाडलं, तीन ते सात वर्षं. हे ढाल्यांच्या लेखामुळं झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या भोकावर त्यांनी बोट ठेवलं, ते बुजवायला सरकारला चाळीस वर्षं लागली.

'शिवराळ' हा दुसरा आरोप. दाजींना अत्र्यांच्या शिव्या तोंडपाठ आहेत, अग्रलेखांसकट. तिथं तो विनोद आणि वरळीच्या चाळीत वाढलेल्या पोरानं तेच केलं की असभ्यपणा. यावर त्यांच्याकडं उत्तर नाही, म्हणून ते बहिणीला 'कढी गार होतीय' म्हणून हाक मारतात.

सुरुवात म्हणाल तर आधी हा लेख, पण आख्खा. मोठ्या ग्रंथालयांत 'साधना'च्या जुन्या फायली असतात, तिथं बघा. मग पँथरच्या आधीचं, 'येरू', 'विद्रोह' वगैरे लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या अंकांच्या दिवसांतलं. 'सत्यकथा' मासिकाच्या मंडळींची तिथं जी सालटी काढलीत, ती वाचताना हसू आवरत नाही. 1974 ला पँथरमधले सहकारी नामदेव ढसाळांशी फाटलं, मार्क्स की बुद्ध हा वाद पेटला, 1977 ला ढाल्यांनी पँथर बरखास्तच केली. त्या भांडणातलं लेखन मला जड जातं. तेच तेच मुद्दे, तीच माणसं. नवख्यानं ते शेवटी वाचावं, नाही वाचलं तरी चालेल. आणि हो, 50 आणि 300 हे आकडे कायद्याच्या पुस्तकात शोधत बसू नका. ध्वजाच्या अपमानाला 1971 च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. लेख वकिलाचा नाही, चिडलेल्या माणसाचा आहे.

दाजींना मी त्या पानांची मोठ्या अक्षरात झेरॉक्स करून दिलीय. विचारलं की म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. पेपर मात्र रोज निधनवार्तांपर्यंत वाचतात.