ट्रंपेटला तीनच बटणं असतात, मग त्यातून सगळे सूर कसे निघतात? आणि नवख्याने जोरात फुंकलं तर नुसती हवाच का येते?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ट्रंपेट नुसत्या फुंकण्याने वाजत नाही, ओठ थरथरले तरच वाजतो. सनईत पत्ती जे काम करते, ते इथे तुमचे ओठ करतात. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग सैल आणि अलगद मिटलेला, अशा स्थितीत हवा सोडली की तो मधला भाग झरझर उघडमिट करतो. पेटीच्या काळी पाच या पट्टीचा सा (233 हर्ट्झ) वाजतो तेव्हा ओठ सेकंदाला 233 वेळा उघडतात. नवखा माणूस ओठ उघडे ठेवून गाल फुगवतो, म्हणून फक्त हवा जाते. आधी नुसत्या माउथपीसवर मधमाशीसारखा गुणगुणता आवाज काढा. तो सलग पाच-सहा सेकंद टिकला की मगच वाद्य जोडा. माउथपीस ओठांवर दाबून वरचा सूर काढायची सवय लावू नका. दाबामुळे ओठांचं रक्त अडतं आणि दहा मिनिटांत ओठ थकतात.

ओठांतून निघालेला दाबाचा ठोका नळीतून धावतो आणि भोंग्यापाशी त्याचा बराचसा भाग परत फिरतो. तो नेमक्या वेळी ओठांशी पोचला तर त्यांना उघडायला मदत करतो, आणि सूर आपोआप धरला जातो. त्यामुळे नळी काही ठरावीक सुरांनाच साथ देते. नेहमीच्या बी फ्लॅट (म्हणजे काळी पाचच्या) ट्रंपेटची नळी साधारण 148 सेंमी लांब असते. एकही बटण न दाबता, फक्त ओठांचा ताण आणि हवेचा वेग वाढवत नेला की काळी पाचमध्ये हे सूर मिळतात: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, प, आणि पुढे तार सा. हा ग तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार आहे. कीबोर्डच्या गपेक्षा तो अर्धस्वराच्या (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) सुमारे सातव्या भागाइतका उतरलेला असतो, त्यामुळे कीबोर्डसोबत वाजवताना तो ओठांनी किंचित चढवावा लागतो.

आता बटणं, म्हणजे पिस्टन. पिस्टन दाबला की त्यातली भोकं बाजूच्या जादा नळीशी जुळतात, रस्ता लांबतो आणि सूर उतरतो. दुसरा पिस्टन एक अर्धस्वर उतरवतो, पहिला दोन, तिसरा तीन. खालचा सा आणि प यांच्या मध्ये सहा सूर रिकामे आहेत. पवरून खाली येताना तीव्र म दुसऱ्याने, शुद्ध म पहिल्याने, शुद्ध ग पहिला-दुसरा, कोमल ग दुसरा-तिसरा, रे पहिला-तिसरा आणि कोमल रे तिन्ही दाबून. मग सगळे सोडले की सा. सगळ्यात मोठी दरी एवढीच असल्याने तीन पिस्टन पुरतात. वरच्या दऱ्या याहून लहान आहेत. 1818 मध्ये प्रशियात श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हचं (पिस्टनसारख्या झडपेचं) पेटंट घेतलं, त्याआधी बहुतेक ट्रंपेटवाल्यांना मोकळ्या नळीच्या सुरांवरच भागवावं लागे. आपल्या तुतारीला पिस्टन नाहीत, म्हणून तिचे सूरही असेच मोजके आणि दूरदूरचे.

या व्यवस्थेत एक खोट आहे, आणि बरेच जण ती कानाआड करतात. जादा नळ्यांची लांबी 148 सेंमीच्या हिशेबाने ठरते: दुसरी सुमारे 9, पहिली 18, तिसरी 28 सेंमी. तिन्ही मिळून 55 होतात. पण कोमल रे बरोबर यायला 61 सेंमी हवेत, म्हणून तो सूर चढा लागतो. तिसऱ्या पिस्टनच्या स्लाइडला (ओढून लांबवता येणाऱ्या जादा नळीला) बोट अडकवायची कडी यासाठीच असते. स्लाइडला दोन पाय असल्याने ती 3 सेंमी ओढली की नळी 6 सेंमी वाढते. नुसत्या रेसाठी पावणेदोन सेंमी पुरे. हे अंदाजे आकडे आहेत, शेवटचा निवाडा कानाचा. ही स्लाइड जाम झाली असेल तर आधी ती मोकळी करून घ्या, नवा माउथपीस नंतर घ्या.

वाद्य गार असेल तर सूर उतरलेला येतो. म्हणून पाच मिनिटं वाजवून ते तापवा आणि मगच मुख्य ट्यूनिंग स्लाइड (मूळ नळीचा ओढता येणारा भाग) जुळवा. ती 1 सेंमी ओढली तर सूर साधारण पाव अर्धस्वर उतरतो. आत गुळगुळ आवाज आला तर ते श्वासातल्या वाफेचं पाणी आहे. पाण्याची कळ दाबून हळू फुंका.

पिस्टन अडकू लागले तर एकेक बाहेर काढून पुसा आणि व्हॉल्व्ह ऑइलचे तीन-चार थेंब सोडा. खोबरेल चालत नाही, थंडीत गोठतं. पिस्टनवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात, ज्याचा त्याच्याच खोबणीत घाला आणि खट्ट आवाज येईपर्यंत हळूच फिरवा. तेल घातल्यावर हवा अजिबात जात नसेल, तर बहुधा एखादा पिस्टन चुकीच्या जागी किंवा फिरलेला बसला आहे. अशा वेळी जोर लावून फुंकू नका, तो काढून पुन्हा बसवा.