निवृत्तीनंतर किनारा फिरण्यासाठी 28 फुटी मोनोहल घ्यावी की 40 फुटी कॅटामरान?

आपण धुळ्याचे आहात, लवकरच निवृत्त होत आहात आणि पत्नीसह नोव्हेंबर ते मे या काळात मुंबई ते गोवा हा किनारा शिडाच्या नौकेने फिरण्याचा आपला मानस आहे. त्यासाठी 28 फुटी मोनोहल (एकाच सांगाड्याची, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या एकाच अंगाची नौका) बरी की 40 फुटी क्रूझिंग कॅटामरान (शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन सांगाड्यांची, प्रवासासाठीची नौका), असे आपण विचारले आहे. मी मूळचा रावेर तालुक्यातला. उमेदीची वर्षे व्यापारी जहाजांवर गेली आणि आता नऊ वर्षे दोन मित्रांच्या भागीदारीत एक 27 फुटी मोनोहल मुंबईला ठेवली आहे. कॅटामरानवरही लांबच्या काही फेऱ्या केल्या आहेत. माझे मत मोनोहलच्या बाजूने आहे.

दोन्ही नौका वाऱ्यापुढे तग धरतात, पण वेगवेगळ्या बळावर. मोनोहलच्या तळाशी शिशाची किंवा बिडाची जड कील, म्हणजे पाण्यात खाली उतरलेले पाते, असते आणि नौकेच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, त्या कीलमध्येच असतो. वारा शिडावर आला की नौका कलते, त्याबरोबर कील एका अंगाला उचलली जाते आणि आपल्या वजनाने नौकेला सरळ ओढू लागते. कॅटामरानला असे वजन नसते. तिचा सारा तोल दोन सांगाड्यांमधल्या अंतरावर असतो; 40 फुटी नौकेची रुंदी 20 ते 23 फूट भरते. कोकणात होडीला उलांडी बांधतात, तेच हे तत्त्व. ही रुंदी सुरुवातीला भक्कम आधार देते, मात्र वाऱ्याकडचा सांगाडा एकदा पाण्यातून सुटला की तो आधार घटू लागतो. क्रूझिंग कॅटामरान सहसा उलटत नाही, परंतु उलटलीच तर ती उलटीच तरंगत राहते. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौदलाचे तेव्हाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 32 फुटी मोनोहल लाटांनी आडवी पाडली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. तरीही नौका पुन्हा सरळ झाली आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका होईपर्यंत त्यांना तिच्यातच आसरा मिळाला.

आपण वादळात जाणार नाही, हे मला कळते. म्हणून रोजच्या प्रसंगाचे सांगतो, आणि माझ्या दृष्टीने खरा निर्णय इथेच आहे. एकदा मार्चमध्ये गोव्याकडे जाताना रत्नागिरीच्या अलीकडे आम्ही चौघे एका परिचिताच्या 38 फुटी कॅटामरानवर होतो. दुपारचे तीन वाजले होते. टेबलावर काचेच्या पेल्यांत काठोकाठ चहा होता आणि तो सांडण्याचे नाव घेत नव्हता. सहज वारामापकाकडे नजर गेली तर आकडा 24 नॉटवर (ताशी सागरी मैलांवर) होता. तासाभरापूर्वी तो 12 होता आणि शीड मात्र तेव्हाचेच, पूर्ण उभारलेले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. माझ्या मोनोहलवर 16-17 नॉटलाच पेले घरंगळले असते, सुकाणूचा दांडा हाताला ओढू लागला असता आणि मी मुकाट्याने शीड आखडले असते. त्या दिवशी ते आखडताना एका मित्राच्या तळहाताची साल दोराने सोलून निघाली. कॅटामरान चालवणाऱ्याने आकड्यावर नजर ठेवून, त्रास जाणवण्याआधीच शीड कमी करायचे असते. ही शिस्त अनुभवी माणसाला जमते. नवख्याला मात्र नौकेनेच कलून सांगितलेले बरे.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. या मोसमात आपल्या किनाऱ्यावर दुपारी वायव्येचा वारा असतो. गोव्याकडे जाताना तो पाठीशी राहतो, आणि तेव्हा कॅटामरान खरोखर सुखाची असते. सुमारे 220 सागरी मैलांचे हे अंतर मोनोहल ताशी 5 मैलांनी 44 तासांत कापते, तर कॅटामरान 7 मैलांनी 31-32 तासांत. परतताना मात्र तोच वारा तोंडावर येतो. चांगली मोनोहल वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 45 अंशांवर चालते, तर क्रूझिंग कॅटामरानला 50-55 अंश लागतात. शिवाय दोन सांगाड्यांमधल्या तळावर समोरच्या लाटा थाडथाड आपटतात. बहुतेक जण अशा वेळी इंजिन लावून येतात.

सामानाचेही पाहा. आपल्याकडे चार दिवसांना निघालेला माणूससुद्धा शेव-पापड, कळण्याचे पीठ, केळीची फणी, पाण्याचे जार असे घर उचलून नेतो. कॅटामरानमध्ये जागा भरपूर दिसते, पण तिचे सांगाडे अरुंद असतात; वजन वाढले की ती खाली बसते आणि तिचा वेग, जो तिचा मोठा गुण, तोच जातो.

धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर आहे, त्यामुळे नौका बहुतेक दिवस आपल्या नजरेआड राहील. कॅटामरानची दोन इंजिने म्हणजे देखभालही दुप्पट, आणि पावसाळ्यापूर्वी एवढी रुंद नौका पाण्याबाहेर काढून ठेवण्याची सोय मोजक्याच ठिकाणी मिळते. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, तिथे कॅटामरानचा साडेतीन-चार फुटांचा बुड (पाण्याखाली जाणारी खोली) मोनोहलच्या पाच फुटांपेक्षा सोयीचा, हे मान्य. पत्नीला कलण्याची भीती वाटत असेल किंवा नातवंडांसह महिना-महिना नौकेवरच राहायचे असेल, तर माझे मत बदलेल.

सारंगखेड्याच्या यात्रेत कोणीही घोडा उभ्या जागी पाहून पैसे मोजत नाही, पळवून पाहतो. आपणही विक्रेत्याला मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर नौका बाहेर काढायला सांगा आणि वायव्येकडे तोंड करून दोन तास चालवायला लावा. मग सुकाणू वहिनींच्या हाती देऊन शीड आपण एकट्याने आखडून पाहा. 28 फुटीवर ते दहा मिनिटांत जमेल; 40 फुटीवर किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा.